शाळेच्या हापशीइतकं खारट

आमच्या कंपनीचं ऑफिस अकोल्यात, एका भांड्यांच्या दुकानाच्या वर आहे. तिथे बसून राजस्थानच्या वाळवंटातल्या तेलविहिरी तपासल्या जातात. हे मी ज्याला ज्याला सांगितलं त्याने मला परत विचारलं, की म्हणजे विहिरी नेमक्या कुठे. माझी बायको रूपाली तर लोकांना सांगते, की हे उंटावरून शेळ्या हाकतात, फक्त उंटसुद्धा तिकडेच आहे. मी चार वर्षं त्या ऑफिसचा प्रमुख होतो आणि मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

काम समजायला सोपं आहे. जमिनीखाली दोन किलोमीटरवर खडकाचा एखादा थर असतो आणि त्यात तेल असावं असा अंदाज असतो. तिथपर्यंत भोक पाडायचं, थराला थोडा वेळ तोंड उघडून द्यायचं आणि काय वर येतं ते बघायचं. आमच्याकडे नवीन बोअर घेतली की मोटर लावून बघतात, तेच. फरक एवढा, की इथे खाली बसवलेलं यंत्र दर सेकंदाला दाब पाठवतं, वर येणाऱ्या द्रवाचं वजन आणि खारटपणा मोजणारी यंत्रं आपापले आकडे पाठवतात, आणि ते सगळे उपग्रहावरून अकोल्याला येतात. आकडे येत असतानाच सांगायचं, की थांबा, चालू ठेवा, बंद करा. उद्या सांगून उपयोग नसतो.

अकोल्याला येण्याआधी मी बावीस वर्षं रिगवर होतो, म्हणजे जिथे प्रत्यक्ष भोक पाडतात तिथे. तिथे मी एका गोष्टीसाठी प्रसिद्ध होतो आणि ती गोष्ट मला गावाने दिली. माझं गाव भातकुली तालुक्यात. तो सगळा खारपाणपट्टा. जमिनीतलं पाणीच खारं. गावात तीन हापशा. देवळाजवळच्या हापशीचं पाणी पिता येतं. शाळेच्या हापशीचं भांड्यांना चालतं आणि नावडत्या पाहुण्याच्या चहाला. स्मशानाजवळच्या हापशीला म्हैससुद्धा तोंड लावत नाही. गावातल्या कोणालाही डोळे बांधून घोटभर पाणी द्या, तो हापशी सांगेल. आमच्याकडे नवं पाणी दिसलं की ते आधी जिभेवर जातं, चौकशी नंतर.

रिगवर मी हेच करायचो. एक झाकण विहिरीचं पाणी वीस झाकणं पिण्याच्या पाण्यात टाकायचं आणि चाखायचं. शाळेच्या हापशीइतकं खारट लागलं तर मूळ पाण्यात लिटरला पंचाहत्तर ग्रॅम मीठ. स्मशानाच्या हापशीइतकं लागलं तर दीडशे. प्रयोगशाळेचा आकडा दुसऱ्या दिवशी यायचा आणि तोवर मी जेवून झोपलेला असायचो. पुढे कुठल्याशा रिगवर एका माणसाने असंच पाणी तोंडात घेतलं, त्यात विषारी वायू विरघळलेला होता आणि तो चार दिवस दवाखान्यात पडला. कंपनीने नियम केला. नियमाची पाटी लिहायचं काम माझ्याकडेच आलं, कारण या विषयातला जाणकार मीच होतो. 'विहिरीतून आलेला कोणताही द्रव चाखू नये.' खाली माझी सही आहे, आणि ती पाटी सगळ्या रिगवर लागलेली आहे.

आता डोमाजीबद्दल. डोमाजी माझ्या वर्गातला. आठवीपर्यंत एका बाकावर बसलो, मग तो शेतात गेला आणि मी पॉलिटेक्निकला. सहा वर्षांपूर्वी मी त्याला रिगवर लावून दिलं. मिठाचं पाणी कालवायची मोठी टाकी असते, तिथे. माझ्या ओळखीने गावातले एकूण अकरा जण असे लागले आहेत. डोमाजी त्यातला पहिला. त्या दिवसापासून तो मला शेखरभाऊ म्हणतो आणि अहोजाहो करतो. मी एकदा नको म्हणून पाहिलं आणि मग सवय करून घेतली.

गेल्या फेब्रुवारीत डोमाजी होता त्याच रिगवर तपासणी होती. विहीर उघडण्याआधी ती मिठाच्या पाण्याने भरून ठेवतात. मिठाने पाणी जड होतं आणि त्याच्या ओझ्याखाली खालचा थर गप्प राहतो. पाणी हलकं झालं तर थर उसळतो, विहीर अंगावर येते आणि माणसं मरतात. या विहिरीत दीडशे ग्रॅमचं पाणी भरल्याची नोंद होती. त्यातलं साठ हजार लिटर थराने पिऊन टाकलं होतं. म्हणजे तोंड उघडल्यावर आधी ते आपलंच पाणी परत येणार आणि मग थराच्या पोटात असेल ते. प्रश्न एवढाच, की येतंय ते पाणी कोणाचं. आपलं असेल तर वाट बघायची, मागे तेल असू शकतं. थराचं असेल तर थरात पाणीच आहे. विहिरीत सिमेंट ओतायचं आणि ती कायमची बुजवायची.

सकाळी सातला तोंड उघडलं. अकरापर्यंत नुसतं पाणी. खारटपणाची रेघ चौऱ्याहत्तर, पंचाहत्तर, चौऱ्याहत्तर, आणि तिथून हलेना. आपण भरलं दीडशेचं आणि वर येतंय पंचाहत्तरचं, म्हणजे पाणी आपलं नाही. हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. तेलकंपनीचे अधिकारी किशोर सर मुंबईत बसून तीच रेघ बघत होते. त्यांचा फोन आला.

"शेखरजी, पाणी थराचंच आहे. तीनला बैठक घेऊ. तुमचा अहवाल तोवर येऊ द्या. संध्याकाळी सिमेंट."

"बघतो, सर," मी म्हणालो.

"बघण्यासारखं काही राहिलंय का?"

"बघतो."

नीलमने अहवाल लिहायला घेतलाही होता. नीलम म्हणजे माझ्या हाताखालची, वय सव्वीस, अकोल्याचीच. आकड्यांची ती उत्तम जाणकार आहे आणि माणसांशी बोलताना तिला कंटाळा येतो. तिने रिग कधी पाहिलेली नाही आणि बघायची इच्छाही नाही.

मला पटत नव्हतं. का, ते सांगता येत नव्हतं, आणि बावीस वर्षं रिगवर काढलेल्या माणसाला हे कबूल करणं जड जातं. दाब फार चांगला होता. इतक्या जोराने ढकलणारा थर नुसतं पाणी देईल असं मला वाटेना. मीटर खराब असेल, असं मनात आलं. मीटरवर मळ बसतो आणि तो वाटेल ते दाखवतो. मी खुर्ची उचलून मागच्या गॅलरीत गेलो आणि डोमाजीला फोन लावला.

"कुठं हायेस?"

"टाकीजवय. काहून?"

"वर येऊन राह्यलं त्या पाण्याचं एक झाकण घे. वीस झाकणं प्यायच्या पाण्यात टाक. अन् चाखून सांग."

तिकडे वारा सुटला होता.

"शेखरभाऊ, पाटी हाये ना अथी. तुमचीच सही हाये तिच्यावर."

"मले मालूम हाये कोणाची सही हाये."

तो गेला. खोटं कशाला सांगू, मला भीती वाटली. त्या पाण्यात वायू असता तर? यंत्रावर वायूचा आकडा शून्य होता, तो मी दोनदा पाहूनच फोन केला होता. पण त्याच यंत्रांवर माझा विश्वास नव्हता म्हणून तर मी त्याला चाखायला सांगत होतो. हा विचार मला फोन केल्यानंतर सुचला. सहा-सात मिनिटांनी थुंकल्याचा आवाज आला.

"शायेच्या हापशीवानी."

"नक्की? स्मशानाच्या नाही?"

"चाळीस वर्सं ते पानी भरलं शेखरभाऊ. शायेचीच."

म्हणजे मीटर बरोबर होतं आणि चूक मी होतो. मी बरं म्हणून फोन ठेवणार तेवढ्यात तो म्हणाला, "पन आपन भरलं ना, तवाबी असंच लागलं होतं."

"काय असंच?"

"आठ दिवसाआंधी टाकीत कालवलं तवा. मी चाखलं होतं. सवय हाये ना. शायेच्याच हापशीवानी."

मी त्याला सगळं नीट सांगायला लावलं. गोदामात मिठाच्या पोत्यांना ओल लागून त्यांचे दगड झाले होते. फावड्याने फुटेनात. फुटली तेवढी टाकीत गेली, उरलेली अर्धी बाजूला टाकली. त्याचा पर्यवेक्षक कुलदीप म्हणाला चालतंय, आणि कागदावर ठरलेला आकडा लिहून मोकळा झाला.

"मंग तू बोलला काहून नाही?"

"कागदावर दीडशे लिवलं होतं. मले वाटलं माई जीभ बिघडली."

आता सगळं लख्ख दिसत होतं. आपण पंचाहत्तरचं पाणी भरलं होतं, पंचाहत्तरचंच परत येत होतं. पाणी आपलं होतं. मागे काय आहे ते कोणी बघितलंच नव्हतं, आणि संध्याकाळी त्यावर सिमेंट पडणार होतं.

दुसरीही गोष्ट लख्ख दिसत होती. हे सांगायचं तर मीठ कोणी कमी टाकलं ते सांगावं लागणार. हलक्या पाण्याने विहीर अंगावर आली असती, त्यामुळे मीठ कमी टाकणारा माणूस दुसऱ्या दिवशी घरी जाणार. कंपनीचा एक चांगला नियम आहे, की आपली चूक जो स्वतःहून वरिष्ठाला सांगेल त्याच्यावर कारवाई नाही. डोमाजीने वरिष्ठाला, म्हणजे मला, सांगितलंच होतं. मी ते वेळेसकट नोंदवायचं, की डोमाजी सुटला. पण नोंद केली की पुढचा प्रश्न, हे निघालं कसं, आणि त्याचं उत्तर, मी त्याला चाखायला सांगितलं. मग डोमाजीच्या जागी मी घरी.

"कोणाले बोलू नको," मी त्याला म्हणालो. "तुयाच भल्यासाठी सांगून राह्यलो."

आत येऊन मी नीलमला म्हणालो, की पाणी आपलंच आहे.

"कशावरून?"

"अनुभव."

"अनुभवाचा कॉलम नाही, सर."

मी दार लावलं आणि तिला खरं सांगितलं. तिन्ही हापशा, झाकण, वीस झाकणं, सगळं. माझं सांगून झाल्यावर तिने विचारलं, "स्मशानाची म्हणजे शाळेच्या बरोबर दुप्पट, का अंदाजे?"

"अंदाजे."

"हे मी अहवालात लिहू शकत नाही."

"लिहायचंच नाही. दुसरं काही सापडते का पाह्य."

ती जवळजवळ तीन तास पडद्यासमोरून उठली नाही. मग तिने मला बोलावलं. दाब मोजणारं यंत्र परवा खाली सोडलं होतं. ते उतरत असताना भोवती आपणच भरलेलं पाणी होतं आणि यंत्र तेव्हाही चालू होतं. उतरतानाचे आकडे कोणीच बघत नाही. सगळे जण तोंड उघडल्यापासूनचे बघतात. मीही बावीस वर्षांत कधी बघितले नव्हते. पाण्याचं ओझं दर दहा मीटरला चौरस सेंटीमीटरमागे किलोभर वाढतं. दोन हजार मीटरवर गोडं पाणी असेल तर दोनशे किलो, दीडशे ग्रॅम मिठाचं असेल तर दोनशे वीसच्या आसपास. यंत्राने दाखवले होते दोनशे दहा.

"म्हणजे पंचाहत्तर ग्रॅम," नीलम म्हणाली. "तुमचा माणूस बरोबर हाये."

मला तिचा फार अभिमान वाटला आणि मी तसं तिला म्हणालोही. ती म्हणाली, बैठकीला वीस मिनिटं उरलीत.

बैठकीत तिने आकडे मांडले. किशोर सरांनी ते दोनदा तपासले, मग आणखी एकाला तपासायला लावले. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. रात्री नऊपर्यंत चालू ठेवा." मग जरा थांबून, "पण शेखरजी, उतरतानाचे आकडे बघायचं सुचलं कसं तुम्हाला?"

नीलमने माझ्याकडे पाहिलं. "अनुभव," मी म्हणालो.

"क्या बात है," किशोर सर म्हणाले.

साडेपाचच्या सुमाराला वर येणाऱ्या द्रवाचं वजन उतरायला लागलं. खारटपणाची रेघ सकाळपासून जिथे होती तिथे आधी थरथरली आणि मग एकदम शून्याला गेली. खारटपणा विजेवरून मोजतात आणि तेलातून वीज जात नाही, त्यामुळे ते यंत्र तेलात आंधळं होतं. पाच चाळीसला रिगवरून फोटो आला. काळी धार होती. मी खाली जाऊन भांडेवाल्याला पेढे दिले. त्याने विचारलं कशाचे, मी म्हटलं तेल लागलं, आणि त्याने आपल्या दुकानाच्या जमिनीकडे पाहिलं. त्या दिवशी मी फार खूश होतो. डोमाजीची आठवण मला रात्री घरी जाताना, अमरावतीच्या गाडीत बसल्यावर झाली.

दुसऱ्या दिवशी दहाला चौकशी. ती होणारच होती. विहिरीत अर्धंच मीठ होतं हे नीलमच्या आकड्यांनी सगळ्यांसमोर आणलं होतं, आणि मीठ आपणहून कमी होत नाही. पडद्यावर एका चौकोनात किशोर सर, एकात कंपनीचे सुरक्षा अधिकारी, एकात नीलम आणि मी, आणि एकात रिगवरचा कंटेनर. तिथे कुलदीप बसला होता आणि डोमाजी हेल्मेट हातात धरून उभा होता. त्याला कोणी बसायला सांगितलं नव्हतं.

कुलदीपने कानावर हात ठेवले. टाकीवरचा माणूस सांगतो तो आकडा आपण लिहितो, म्हणाला. डोमाजीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मीठ कमी पडलं हे तुम्हाला माहीत होतं?" सुरक्षा अधिकाऱ्यांनी विचारलं.

"हो साहेब. अर्धे पोते दगड झाले होते."

"ही चूक तुम्ही कोणाला सांगितली होती का? नीट आठवून सांगा. सांगितली असेल तर तुमच्यावर कारवाई होणार नाही. नियम आहे तसा."

डोमाजीने हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. त्याने पडद्याकडे पाहिलं. तिथून त्याला आमचा चौकोन दिसत असणार.

"नाई साहेब," तो म्हणाला. "कोनालेच नाई."

नीलमने आमचा माइक बंद केलेला होता आणि तिचा हात माउसवर होता. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "अकरा वीसला फोन केला होता तुमी. सात मिनिटं गेले, मंग परत बोलले. कोणाले बोलू नको म्हटलं तेबी ऐकू आलं. गॅलरीचं दार बंद होत नाही, सर."

सुरक्षा अधिकारी बोलत होते. सेवा समाप्त, आजच्या गाडीने परत, वगैरे. वाक्यं आधीच लिहून आणलेली होती. डोमाजी ऐकत होता आणि मान हलवत होता, रेशन दुकानात उद्या या म्हटल्यावर हलवतात तशी. आठवीत याने मला गणिताचा पेपर दाखवला आणि मार खाताना माझं नाव घेतलं नाही, ते मला आठवलं. मला स्वतःची लाज वाटली. साधी, शाळकरी पोराची लाज. बावन्न वर्षांच्या माणसाला ती झेपत नाही.

मी माइक चालू केला.

सगळं सांगितलं. फोनची वेळ, झाकण, वीस झाकणं, पाटी आणि पाटीवरची सही. हापशा सांगू लागलो तेव्हा किशोर सरांनी हात वर करून थांबवलं. डोमाजीने चूक मला अकरा वीसला सांगितली होती आणि ती नोंदवायची मी टाळली, हे वाक्य मी दोनदा म्हणालो, कारण पहिल्यांदा आवाज नीट निघाला नाही. डोमाजी तिकडून काहीतरी म्हणत होता. त्यांनी त्याचा आवाज बंद केला.

डोमाजीची नोकरी राहिली. नियम नियमासारखाच चालला. मला दोन दिवसांनी फोन आला, की राजीनामा दिलात तर दोन्ही बाजूंना बरं. मी दिला. नीलम माझ्या खुर्चीत बसली. तिने खुर्ची बदलून घेतली असं ऐकलं.

घरी बसून मी उदास होतो, पण त्यात थोडी ऐटही होती. रूपालीला मी सगळं तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, चांगलं केलं, आता ऊठ आणि टाकी धू. डोमाजी सुट्टीवर आला की घरी येईल, हात हातात घेईल, आणि मग मी म्हणेन, अरे त्यात काय एवढं. हे वाक्य मी मनात बरेचदा म्हणून पाहिलं होतं.

तो मार्चच्या शेवटी आला. बरोबर घरच्या वांग्यांची पिशवी होती. ती त्याने रूपालीच्या हातात दिली, चहा घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाला, "काहून बोलले तुमी?"

"म्हंजे?"

"मी नाई म्हनलो होतो ना. साफ नाई म्हनलो होतो. मंग तुमी काहून बोलले?"

"डोमाजी, तुई नोकरी जाऊन राह्यली होती."

"माई नोकरी." त्याने कपाकडे पाहिलं. "माई गेली असती तं तुमी चार महिन्यात दुसऱ्या रिगवर लावून देल्ली असती. अकरा जन लावले तुमी. आता तुमीच गेले. आता बारावा कोन लावते?"

मी म्हणालो, की मला ते सहन झालं नाही.

"तुमाले सहन नाई झालं," तो म्हणाला. रागाने नाही. मी सांगितलेलं त्याने परत म्हणून पाहिलं, एवढंच. "मी रातभर इचार करून नाई म्हनलो होतो शेखरभाऊ. तुमी नाई इचार केला."

इतके दिवस मी धरून होतो, की त्या दिवशी त्या कंटेनरमध्ये डोमाजी माझ्यासाठी खोटं बोलला. तो खोटं बोलला हे खरं होतं, फक्त माझ्यासाठी हे आता पटेना. आत रूपालीने पिशवीतली वांगी परातीत ओतली.

"कोणाचं काम होतं का?" मी विचारलं.

"रागिणीचं."

रागिणी त्याची मुलगी. बारावीनंतर तिने काहीतरी केलं होतं, कॉम्प्युटरचं की आकड्यांचं, मला धड माहीत नव्हतं. डोमाजीने सांगितलं. तिने अमरावतीला संख्याशास्त्राची पदवी घेतली होती. जानेवारीत तिचा अर्ज अकोल्याच्या ऑफिसात आला होता, नीलमच्या हाताखालच्या जागेसाठी. तो माझ्या टेबलावरच्या अर्जांच्या गठ्ठ्यात होता. डोमाजीने मला त्याबद्दल सांगितलं नव्हतं, कारण मी कामात असेन आणि वेळ आली की सांगू, असं त्याला वाटलं होतं. मी तो गठ्ठा उघडलाच नव्हता.

मी उठलो. मोबाइल शोधला. "नीलमले फोन लावतो," म्हटलं. "ती माया शब्दाबाहेर नाई."

"नोका लावू."

"अरे, दोन मिनिटाचं काम हाये."

"नोका लावू म्हटलं ना." त्याने माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला. मग जरा नरम आवाजात म्हणाला, "तिले बलावनं आलं हाये. मंगयवारी मुलाखत हाये. तिचा तिनंच नंबर लावला. त्या मॅडमनं हिशोबाचा पेपर पाठवला होता, तो तिनं बराबर सोडवला. आता तुमी मदी पडू नका. तुमचं नाव निंगालं का ते लोक इचारतीन, मीठ कमी टाकनाऱ्याची पोरगी का, अन् पानी चाखाले सांगनाऱ्याच्या ओयखीची का."

रूपाली दारात येऊन उभी राहिली होती. तिने ऐकलं आणि ती आत गेली.

"म्हून आलो होतो," डोमाजी म्हणाला. "कोनी फोन करून पुसलं, तं तुमी आमाले ओयखत नाई म्हना."

मी बरं म्हणालो. तो उठला, चपला घातल्या, आणि पावणेपाचची भातकुलीची बस आहे म्हणून निघाला.